साडेदहाचा हात

१

दहा वाजलेत. आई झोपलीय. नर्स म्हणाली, इंजेक्शन दिलंय, उठवू नका. म्हणजे माझ्याकडं अर्धा तास आहे आणि करायला काही नाही, म्हणून हे लिहायला घेतलंय. साडेदहापर्यंत आई उठेल. ती काही झोपेत वेळ घालवणारी बाई नाही.

आधीच सांगते, मी घाबरट नाही. छप्पन साली आजोबांनी दीक्षा घेतली, त्या दिवसापासून आमच्या घरात अंगारा, धुपारा, उतारा सगळं बंद. लिंबू आणलं तर पोह्यांवर पिळायला. शिवाय माझा धंदाच मोजमापाचा. तेव्हा मी सांगणार ते मोजलेलं सांगणार. मोजता आलं नाही तेही सांगेन, पण ते मोजलेलं नाही असं म्हणून.

आमच्या घरी सकाळी साडेदहाला हात वर करायची पद्धत होती. लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांच्या घरी असते. बाबा घरी असले की दारात जाऊन उभे राहायचे आणि आई आत जिथं असेल तिकडं तोंड करून उजवा हात सरळ डोक्यावर न्यायचे. आईही हातातलं काम ठेवून तसाच हात करायची. झालं. ती परत भाकरीकडं, ते परत पेपरकडं.

याची गोष्ट आम्हाला ठाऊक होती. बाबा, म्हणजे गणपती, पाटबंधारे खात्यात जमिनीचा उंचसखलपणा मोजायचे. कालव्याच्या कामावर ते दुर्बिणीला डोळा लावून उभे, आणि समोर लांबवर एक रोजंदारीची पोरगी आकड्यांची उंच पट्टी धरून उभी. ती पारूबाई, नेसरीची, म्हणजे आमची आई. मोजणीच्या टोळीत एकच कायदा: दुर्बिणीवाल्याचा हात वर झाल्याशिवाय पट्टी जागची हलवायची नाही. ऊन असो, पायाला मुंग्या डसोत. लग्नानंतर आईचं काम सुटलं आणि हात तेवढा राहिला. बाबा लांब कामावर असले तरी साडेदहाला घराच्या दिशेला वळून हात करायचे. टोळीतला कृष्णात हसायचा, "गणपा, हितनं बायको दिसती व्हय तुला?" बाबा म्हणायचे, "न दिसू दे. तिला कळतंय."

मला हे फार आवडायचं. आमच्या घरात प्रेमाबिमाचं कुणी बोलत नसे, तेवढंच ते एक.

२

मी संघप्रिया. विद्यापीठात शिकवते. काम काय करते ते सोपं करून सांगते, कारण अवघड करून सांगणाऱ्यांचा मला राग आहे.

युरोपचा एक उपग्रह ठरावीक दिवसांनी कोल्हापूरवरून जातो, आमच्या बाजूला नेहमी सकाळी साडेदहाच्या सुमाराला. तो रडारची लहर खाली सोडतो, ती छपरांवर आपटून परत वर जाते. दोन तारखांच्या लहरी शेजारी ठेवल्या की मधल्या काळात कुठलं छप्पर किती खाली गेलं ते मिलीमीटरात कळतं. बोअर मारून मारून शहराच्या कडेची जमीन खचते का, हे मी बघत होते.

भानगड एकच, हवा. आपल्याकडं घाटावरनं ओल येते आणि ओल्या हवेत लहर रेंगाळते. लहर रेंगाळली की मशीनला वाटतं, जमीन खाली गेली. पंचगंगेवर सकाळचं धुकं असलं तर अर्धं शहर बसलेलं दिसतं. नवशिके इथंच फसतात. मी फसत नाही. माझा नियम मी वर्षाच्या सुरुवातीलाच फळ्यावर लिहिते: एका तारखेला दिसतं ते हवेचं, सगळ्या तारखांना दिसतं ते जमिनीचं. हवा आज इथं तर उद्या तिथं. जमीन जागा सोडत नाही. एकाच तारखेला कुठंतरी डाग दिसला की मी तो पुसून टाकायचे, ताटातला खडा काढावा तसा.

शिवाय ही मापं सगळी कशाच्या तरी तुलनेत असतात. एक जागा अशी धरावी लागते की ही हलत नाही, बाकीच्यांचं हिच्यावरून मोजा. ती जागा मी आमचं घर धरली. राजारामपुरी संपते तिथून पुढं माळावर आहे. पाया खणताना मी तिथं होते. हातभर खाली काळा पाषाण लागला आणि पहार मोडली. बाबांनी पहारेचे तुकडे कौतुकानं कोनाड्यात ठेवले होते. असल्या दगडावर शंका घ्यायची तर विश्वास ठेवायचा कशावर? पोरं हसायची, मॅडमचं घर म्हणजे जगाचा मध्य. हसू देत. कधी सगळं शहरच सारखं वर उचललेलं दिसलं तर तेवढं हवेचं म्हणून वजा करायचे, आणि नकाशे माझे चोख निघत होते.

३

बाबा २००३ च्या मे महिन्यात गेले. आई तेव्हा टायफॉइडनं दवाखान्यात होती, शुद्ध नव्हती तिला. मी आणि भाऊ तिच्याजवळ, बाबा रात्री थांबून सकाळी घरी आंघोळीला गेलेले. शेजारचे जोतीरामकाका सायकलवरून सांगायला आले. न्हाणीच्या दारात पडलेले सापडले, हृदय बंद पडलं म्हणाले डॉक्टर. पायाला घोट्यापर्यंत काळा चिखल होता. झाडांना पाणी घालत असतील, असं आम्ही धरून चाललो. मे महिन्यात नळाला पाणी कुठलं, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. रडायच्या दिवसात असलं सुचत नाही.

आई बरी होऊन घरी आली आणि भावाबरोबर राहिली. भाऊ प्रसेनजीत, शिरोलीच्या फौंड्रीत आहे. मी विद्यापीठाच्या क्वार्टरमध्ये. २००७ साली प्रसेनजीतचं लग्न ठरलं आणि त्यानं घरावर मजला चढवायचं काढलं.

"ताई, तू जमिनीची डॉक्टर," तो म्हणाला. "आपली जागा वरचा स्लॅब धरंल का न्हाई, तेवढं सांग. आई खाली झोपणार हाय."

"डोळे झाकून धरेल," मी म्हटलं.

पण भावाला नुसतं तोंडानं सांगण्यापेक्षा नकाशा दाखवावा म्हटलं. तर आमच्या घराचं माप शून्य. असणारच, कारण माप घ्यायची जागाच ती. वजनाचं माप त्याच मापानं तोलून काय कळणार? म्हणून मी ते एक दिवसापुरतं बदललं. विद्यापीठाची दगडी इमारत स्थिर धरली आणि सगळं गणित पुन्हा चालवलं.

नव्वदच्या दशकातली जुनी चित्रं होती, त्यांत आमचं घर पाषाणासारखं गप्प. २००३ च्या मेपर्यंत गप्प. तिथून पुढं जवळजवळ प्रत्येक तारखेला खाली. एकदा नऊ मिलीमीटर, एकदा चौदा, एकदा सहा. आजूबाजूची घरं जागच्या जागी. जोतीरामकाकांचं घर आमच्या भिंतीला भिंत लावून आहे, तेही जागच्या जागी. एक आमचंच तेवढं खाली.

४

दुसऱ्या दिवशी दुपारी मी विभागातली दुर्बीण घेऊन घरी गेले. रस्ता, जोतीरामकाकांचा कट्टा, पाण्याची टाकी, सगळीकडून आमच्या जोत्याची उंची घेतली. बाबांनी घर बांधताना घेतलेले आकडे चौथऱ्यावर कोरलेले आहेत. केसाचाही फरक नाही. घर हललेलं नव्हतं.

म्हणजे हवा. मी समाधानानं चहा प्यायले. क्वार्टरवर परत आले आणि मग माझं डोकं तापलं. हवा काय पत्ता विचारत येते काय? शंभर घरं सोडून एकाच घरावर, चार वर्षं?

तीन तारखा मात्र अशा होत्या की घर खाली गेलेलं नव्हतं. त्या तीन चित्रांतले मी पुसून टाकलेले डाग परत आणून बघितले. माझाच नियम, माझीच सफाई. एका तारखेला नेसरीत एक ठिपका. एका तारखेला आजऱ्याला. आणि एका तारखेला राजारामपुरीत, बाजाराच्या मागच्या गल्लीत. प्रत्येक ठिकाणी एकदाच, एका घरापुरता, परत कधी नाही. हवेचा म्हणून टाकून दिलेला.

राजारामपुरीच्या तारखेपाशी मी अडकले. त्या गल्लीत डोळ्याचा दवाखाना आहे. आईचा मोतीबिंदू तिथं काढला आणि तिला मीच स्कूटरवरून नेलं होतं. मग बाकीचं आठवायला वेळ लागला नाही. नेसरीला आकाराममामाच्या पोरीचं लग्न. आजऱ्याला मावशीकडं, काजूच्या दिवसात. खाली जात होतं ते घर नव्हतंच. आई साडेदहाला जिथं असेल ती जागा खाली जात होती आणि नंतर वर येत होती.

आणखी एक सांगायला पाहिजे. रडारला पूर्ण खोली कळत नाही. घड्याळाचा मिनिटकाटा तेवढा दिसावा आणि तासकाटा दिसू नये, तसं असतं. काटा पाचवर आहे एवढं कळतं, पण मधे किती फेरे झाले ते कळत नाही. जमीन सावकाश खचते तेव्हा फेरे होतच नाहीत, म्हणून आम्ही ते विसरून जातो. नऊ मिलीमीटर म्हणजे नऊ मिलीमीटर. किंवा कितीही, आणि वर नऊ. मी हे दरवर्षी पोरांना शिकवते. त्या दिवशी मी ते स्वतःला परत शिकवलं आणि मला पाणी प्यावं लागलं.

५

रविवार बघून घरी गेले. प्रसेनजीत वाळू बघायला बाहेर गेलेला. आई कांदा चिरत होती. साडेदहा व्हायला आले तशी ती उठली, हात धुतले, उंबऱ्यावर बसली आणि दोन्ही हातांनी चौकटीचा खांब धरला. एसटीत पुढच्या सीटची दांडी धरतात तसा.

मी शेजारी बसले. काही म्हणता काही झालं नाही. ऊन जरा मळकं झालं. ढग आला असेल. आडात वाकून बघितल्यावर तोंडाला लागतो तसा गारवा आला. रस्त्यावर भाजीवाला ओरडत होता, मेथी घ्या, पोकळा घ्या. त्याची हाक दारासमोरून सुरू झाली, मग पत्र्यावरून आली, मग पत्र्याच्याही वरून. पत्र्याचा आवाज घुमतो, हे मला ठाऊक आहे. मी रस्त्याकडं मात्र बघितलं नाही. आईच्या हाताकडं बघत होते. नखं पांढरी पडली होती.

मग ऊन परत आलं आणि भाजीवाला समोरून गेला.

"आई, तुला साडेदहाला काय होतं?"

"काय हुणार? बसतो जरा." आईची बोली जुनी कोल्हापुरी, बाईमाणूस असून येतो-जातो म्हणणारी.

"खाली जातं ना?"

तिनं खांब सोडला आणि बोटं मोडली. "तुझ्या मशीनला दिसलं व्हय."

"किती खाली?"

"मोजलंय कुणी? पैलं थोडं हुतं. आता वर यायला येळ लागतोय. धरून बसलं की येतं. एखाद दिवशी न्हाई येणार, त्याला काय करायचं."

"रोज?"

"रोज न्हाय तर. तुझा उपग्रह कवातरी येतोय. मी हितंच हाय की."

"खाली काय आहे?"

आई कांदा चिरायला गेली. मी दुसऱ्यांदा विचारलं नाही. चूक म्हणा हवं तर.

६

मोजलं की भीती जाते, हे माझं आयुष्यभराचं मत. पुढच्या रविवारी आईला घराबाहेर काढलं. मागच्या माळावर, जिथं वर छप्पर नाही, पडायला भिंत नाही, खाली नुसता मुरूम. तिच्या हातात पट्टी दिली. तीसेक वर्षांनी तिनं ती धरली, पण हात विसरला नव्हता. पट्टी सरळ, पाय जुळवलेले, पदर खोचलेला. मला बाबांचा हेवा वाटला.

"मोजायचं तर मोज," ती म्हणाली. "पर तू हात केलास तरच मी हलणार."

मी हाकेच्या अंतरावर दुर्बीण लावली. विभागातली ही दुर्बीण जुनी, तिच्यात माणूस उलटं दिसतं, पाय आभाळाला आणि डोकं जमिनीला. सवय झाली की त्याचं काही वाटत नाही. दुर्बिणीच्या काचेवरची आडवी तार पट्टीवर आणली. एक मीटर चाळीस, आईच्या नाकाच्या उंचीला.

साडेदहाला आकडा दीड झाला. मला वाटलं पट्टी कलली. पट्टी कललेली नव्हती. दुर्बिणीच्या पाणसळीचा बुडबुडा बघितला, तोही मधोमध. एक साठ. आईचं कपाळ तारेवरून सरकलं, मग भांग, मग पदर, मग नुसती पट्टी. उलट्या चित्रात आई वर वर निघाली होती, म्हणजे खाली. हलत नव्हती, वाकत नव्हती. दोन. दोन सत्तर. साडेतीन. मग पट्टीचं पितळी टोक आलं आणि गेलं. तारेवर पलीकडचं वाळकं गवत राहिलं.

डोळा काढून समोर बघायचं, एवढंच करायचं होतं. मला ते जमलं नाही. मला कळत होतं की समोर बघितलं तर एक तर आई दिसेल, नाहीतर दिसणार नाही, आणि दोन्हींपैकी कशालाच माझ्याकडं गणित नव्हतं. गवत हलत होतं. खालून कुणीतरी मोठा श्वास सोडावा तसा आवाज झाला. तो आईचा नव्हता. आईचा श्वास मी ओळखते.

मी दुर्बिणीचा डोळा न सोडता हात वर केला. बाबा करायचे तसा, कोपरात न वाकवता.

पितळी टोक आलं. साडेतीन. दोन. कपाळ. एक चाळीस.

मग मी समोर बघितलं. आई होती तिथंच, मुरमावर, उन्हात.

"उशीर केलास," ती म्हणाली.

तिनं पट्टी माझ्याकडं दिली. पट्टीचा पाय वीतभर काळ्या चिखलानं भरलेला होता, ओला, गार. माळावर ऐन मे महिना होता. मी तो चिखल रुमालानं पुसला आणि बाबांचे पाय आठवून तिथंच खाली बसले.

७

त्या दिवसापासून मी रोज साडेदहाला हात करते. तास असला तर फळ्याकडं वळून करते, पोरांना वाटतं मॅडम खांदा मोकळा करतात. बैठकीत केला तर सगळे समजतात मला बोलायचंय. मग काहीतरी बोलते, माझ्याकडं बोलायला कधी कमी नसतं.

आणि सांगायला अभिमान वाटतो, उपाय लागू पडला. पुढची चित्रं आली, तीही विद्यापीठाची दगडी इमारत स्थिर धरूनच बघितली, घर गप्प. नव्वदच्या दशकात होतं तसं. प्रसेनजीतला मी म्हटलं, बेलाशक टाक स्लॅब. स्लॅब झाला, लग्न झालं, प्रीती घरात आली. प्रीती म्हणजे त्याची बायको. आईनं चौकटीचा खांब धरायचं सोडून दिलं.

फक्त चित्रांत एक नवा ठिपका होता. विद्यापीठात, पण दगडी इमारतीवर नाही, पलीकडच्या आमच्या विभागावर. पहिल्या चित्रात दोन मिलीमीटर, दुसऱ्यात अकरा. एका तारखेला मी पुण्याला गेले होते, तर त्या तारखेला विभाग गप्प.

मी ते आईला जेवताना सांगितलं. तिनं हातातला भाकरीचा तुकडा ताटात परत ठेवला.

"बाबांसाठी हात कोण करायचं?" मी विचारलं.

"मी की. तुला काय वाटलं, आमी गंमत करत हुतो? ज्यो हात करतोय त्येला बी लागतोय हात. म्हणून तुला सांगत नव्हतो मी." मग म्हणाली, "मी तापात पडलो, शुद्ध न्हवती मला. किती दिस कुणी हात केला न्हाई त्येंच्यासाठी. त्येंना सवय न्हवती गं. मला हुती, पट्टी धरून थांबायची."

आमच्या घरात रडायची पद्धत नाही. त्या दिवशी आम्ही दोघी रडलो, प्रीती घाबरून पाणी घेऊन आली.

"आता माझ्यासाठी कोण?" मी नंतर विचारलं.

"मी हाय की," आई म्हणाली. "साडेधाला. रोज. जा झोप."

आणि तिनं ते केलं. ती घरातून विद्यापीठाकडं, मी विद्यापीठातून घराकडं. आता दोन वर्षं होतील. दोन वर्षांत एकाही चित्रात डाग नाही. माझे नकाशे कुणीही तपासावेत.

८

आता आजचं. आईला न्यूमोनिया झालाय, म्हणून आठवडाभर राजारामपुरीतल्या या दवाखान्यात आहोत. दुसरा मजला, खिडकीखाली रिक्षा स्टॉप. दिवसभर खालून हॉर्न आणि रिक्षावाल्यांच्या शिव्या. पहिल्या दिवशी मी वैतागले होते, आता त्यांची नावं पाठ झाली आहेत. त्यातला हंबीरराव सगळ्यांत मोठ्यानं ओरडतो.

आईच्या उजव्या हाताला सलाईन, हात फळीला बांधलेला. मी विचारलं होतं, "डावा चालतो का?"

"चालतोय की. हात त्यो हात."

काल तिनं डावाच केला, चादरीतून जेमतेम वर आला तेवढा. मला पुरला. डॉक्टर चांगले आहेत, म्हणाले चार दिवसांत घरी. त्यांच्यावर माझा विश्वास आहे.

साडेदहा होत आले. मी आईला हाक मारली. परत मारली. गालाला हात लावला. इंजेक्शन जरा जास्त लागू पडलंय. प्रसेनजीतला फोन लावला, शिफ्टवर फोन कपाटात ठेवतात. प्रीती डबा घेऊन अकराला येईल. त्या दोघांना मी यातलं काही सांगितलेलं नाही, नव्या संसारात कशाला, म्हणून. आज सांगेन.

माझं काम मी केलं. पलंगाच्या पायथ्याशी उभी राहून हात वर केला, नीट, सरळ. आईचा श्वास एकसारखा चाललाय. तिची मला काळजी नाही.

मग तिचा डावा हात धरून मीच वर उचलला. तिचा तिनं करायचा असतो, हे मला ठाऊक आहे. सोडला तसा खाली पडला.

आता पलंगाची लोखंडी दांडी धरून बसलेय आणि एका हातानं लिहितेय. अक्षर वाकडं येतंय, सांभाळून घ्या. खोलीत सगळं जागच्या जागी आहे. बाटली, औषधांचा ट्रे, आईच्या चपला. ऊन जरा मळकं झालंय. गार वाटतंय, पंखा तर बंद आहे. खिडकीकडं मी बघत नाहीये. लागलंच तर नंतर बघेन.

हंबीररावचं कुणाशी तरी पॅसेंजरवरून भांडण चाललं होतं मघापासून, खाली. अजून चाललंय. शब्द न् शब्द कळतोय.

आवाज वरून येतोय.